पूर्वेचा समुद्र की पश्चिमेचा?

सोलापूर हे समुद्रापासून दूर, पठारावर वसलेले शहर. तेथील पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो केवळ चित्रांत अथवा पडद्यावर. अशा एखाद्या घरात यंदाची सुटी समुद्रकाठी घालवावयाची, एवढे एकदा ठरले, की लागलीच दुसरा प्रश्न उभा राहतो : कोणत्या समुद्राकाठी? कारण सोलापूरकराला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. कोल्हापूरवरून पुढे जाऊन आंबा घाट उतरला, की सुमारे पावणेचारशे किलोमीटरांवर रत्नागिरीचा किनारा लागतो. उलट दिशेने, मुंबईहून चेन्नईस जाणारा लोहमार्ग सोलापूरवरूनच जातो. त्या गाडीत बसले, की सुमारे सव्वाआठशे किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागराच्या तीरी उतरता येते. एकीकडे कोकण, दुसरीकडे चोळमंडळ. दोन्हीकडे पाणी खारेच, दोन्हीकडे वाळू आणि माड आहेतच. मग निवड करावयाची ती कशाच्या आधारावर?

पुष्कळ लोक अशा वेळी अंतर मोजतात आणि खर्चाचा हिशेब करतात. तो करावा हे योग्यच. परंतु अंतर आणि खर्च यांखेरीज आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो बहुधा विचारायचा राहून जातो. तो प्रश्न असा, की सुटी कोणत्या महिन्यात आहे? दोन्ही किनाऱ्यांचे ऋतू सारखे नाहीत. एक किनारा ज्या महिन्यात हसत असतो, त्याच महिन्यात दुसरा वादळाची वाट पाहत असतो. हे असे का होते, ते समजून घेण्यासाठी थोडे मागे, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर जावे लागते.

महाबळेश्वरच्या डोंगरात कृष्णा नदी उगम पावते. सावित्रीही तेथेच उगम पावते. सावित्री पश्चिमेकडे कडा उतरते आणि सव्वाशे किलोमीटरांच्या आतच बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. कृष्णा मात्र पूर्वेकडे वळते, महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश असा सुमारे १४०० किलोमीटरांचा प्रवास करते आणि मग कोठे बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीची गोष्ट याहूनही नवलाची आहे. ती त्र्यंबकेश्वरी उगम पावते, तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर आहे. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत पूर्वसमुद्राला जाते. सोलापूरजवळून वाहणारी सीना भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. तेव्हा सोलापूरच्या एखाद्या मुलाने ओढ्यात सोडलेली कागदी होडी बुडाली नाही आणि वाटेतील धरणांनी तिला अडवले नाही, तर ती कोकणात कधीच पोहोचणार नाही; ती जाईल आंध्रच्या किनाऱ्याला.

याचे कारण उघड आहे. दख्खनचे पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला उतरते आहे. सह्याद्री पश्चिम समुद्राच्या अगदी जवळ, बहुतेक ठिकाणी ३० ते ६० किलोमीटरांच्या अंतरावर, भिंतीसारखा उभा आहे. त्या भिंतीच्या पायथ्याशी जी चिंचोळी पट्टी उरली, तिचे नाव कोकण. येथील नद्या आखूड व वेगवान. त्यांच्या मुखांशी त्रिभुज प्रदेश तयार होत नाहीत. उलट समुद्रच त्यांच्या खोऱ्यांत शिरून बसलेला दिसतो. बाणकोट, दाभोळ, जयगड येथील खाड्या अशाच आहेत. भरतीचे पाणी या खाड्यांतून आत, पुष्कळ दूरपर्यंत चढत जाते. पूर्वेच्या नद्या लांब आणि संथ. त्या आपल्याबरोबर पठारावरची माती घेऊन येतात आणि मुखाशी ती पसरतात. गोदावरी, कृष्णा आणि कावेरी यांच्या मुखांशी अशा गाळाची विस्तीर्ण मैदाने बनली आहेत आणि त्यांवर मैलच्या मैल भाताची शेते डोलतात. पश्चिमेचा किनारा खडकाचा, पूर्वेचा गाळाचा, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही.

कोकणचा किनारा एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. एक डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली असते. तिला वळसा घातला की लहानशी पुळण लागते. ती संपते न संपते तोच दुसरी सोंड आडवी येते. प्रत्येक पुळणीच्या मागे माडांची रांग, माडांमागे कौलारू घरे, घरांमागे पोफळीचे आगर आणि त्यामागे एकदम चढ. चढ संपला, की वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. पावसाळ्यात या सड्यांवर रानफुलांचा गालिचा पसरतो. उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापतात. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी अशा गावांच्या सड्यांवर प्राचीन माणसांनी कोरलेली हत्ती, मासे आणि मनुष्याकृती यांची मोठमोठी चित्रे सापडली आहेत. २०२२ मध्ये या कातळशिल्पांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. समुद्र पाहण्यासाठी कोकणात गेलेल्या प्रवाशाने एक दिवस समुद्राकडे पाठ करून सड्यावर घालवला, तर त्याला पश्चात्ताप होणार नाही.

चोळमंडळाचा किनारा याच्या अगदी उलट. चोळ राजांच्या नावावरून त्या प्रदेशाला चोळमंडलम् म्हणत. परदेशी व्यापाऱ्यांच्या जिभेवर त्याचे कोरोमंडल झाले. येथे उभे राहून उत्तरेस पाहावे अथवा दक्षिणेस पाहावे, वाळूची सरळ रेघ क्षितिजापर्यंत गेलेली दिसते. डोंगराची सोंड नाही, खडक क्वचितच, आडोसा मुळीच नाही. मोकळ्या समुद्रावरून आलेली लाट थेट वाळूवर येऊन फुटते. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हे दृश्य भव्य वाटते. परंतु खलाशाच्या दृष्टीने हा किनारा निर्दय होता. १६३९ मध्ये इंग्रजांनी मद्रास येथे वखारीसाठी जागा मिळवली, तेव्हा तेथे नैसर्गिक बंदर असे काहीच नव्हते. पुढे दोनशेहून अधिक वर्षे मोठी जहाजे दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहत आणि माणसे व माल ‘मसुला’ नावाच्या नावांतून किनाऱ्यावर आणीत. या नावांच्या फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या नसत; काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. खिळ्यांची ताठ नाव लाटेच्या तडाख्याने फुटली असती. शिवलेली नाव तडाख्यासरशी थोडी लवे आणि वाचे. तेथील कोळ्यांची ‘कट्टुमरम’ तर त्याहूनही साधी. कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम म्हणजे लाकूड. चार-पाच ओंडके एकत्र बांधले, की झाले कट्टुमरम. हा तमिळ शब्द पुढे इंग्रजी भाषेत गेला आणि आज जगभर दुहेरी तळाच्या नौकांना त्यावरून झालेल्या नावानेच ओळखतात.

मद्रासला अखेर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रात भिंती घालून कृत्रिम बंदर बांधण्यात आले. १८८१ च्या वादळाने त्याची मोठी हानी केली. ते पुन्हा बांधावे लागले. परंतु त्या भिंतींचा एक परिणाम बांधणाऱ्यांना पुरता कळायला वेळ लागला. या किनाऱ्यावर लाटा वाळूला सतत दक्षिणेकडून उत्तरेकडे ढकलीत असतात. बंदराच्या भिंतीने ही वाळू अडवली. ती भिंतीच्या दक्षिणेस साचत गेली आणि तेथील पुळण रुंद होऊ लागली. आज मरीना या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या विस्तीर्ण वाळवंटावर संध्याकाळी हजारो माणसे फिरतात, त्यातला बराच भाग अशा रीतीने समुद्रातून वर आलेला आहे. भिंतीच्या उत्तरेस मात्र येणारी वाळू थांबली आणि लाटा जमीन खाऊ लागल्या. एकाच भिंतीने एका बाजूला फिरण्याची जागा दिली आणि दुसऱ्या बाजूच्या कोळ्यांच्या घरांपर्यंत समुद्र आणून सोडला. किनाऱ्यावर काहीही बांधताना वाळू कोठून येते आणि कोठे जाते, हे आधी पाहावे लागते ते याचसाठी.

दोन किनाऱ्यांतील आणखी एक भेद प्रवाशाच्या रोजच्या कार्यक्रमाशी निगडित आहे. तो म्हणजे भरती-ओहोटी. मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांच्या आसपास, म्हणजे दोन पुरुष उंचीहून अधिक, अंतर पडते. दक्षिण कोकणात ते काहीसे कमी होते. चेन्नईला मात्र हे अंतर मीटरभराच्या आसपासच असते. त्यामुळे पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्र सकाळी जेथे दिसतो, साधारणपणे तेथेच दुपारी दिसतो. कोकणात तसे नाही. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी पूर्णपणे पाण्याने वेढलेला असतो. ओहोटी लागली, की त्याच किल्ल्यात लोक चालत जातात. पण किल्ला पाहण्यात रमून गेलेल्या माणसासाठी समुद्र थांबत नाही. येताना घोट्याएवढे असलेले पाणी परतताना कंबरेच्या वर गेलेले असते.

मुंबई-अलिबागच्या बाजूला भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे आणि तो प्रत्येक मुलाला तोंडी करता येईल इतका सोपा आहे. त्या दिवशी जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल, त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती असते. चतुर्थीच्या दिवशी चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहा वाजता. पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आधी. वद्य पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजावयाची. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि हे चक्र दिवसातून दोनदा फिरते. याचे मूळ चंद्रात आहे. चंद्र रोज सुमारे पाऊण तास, किंबहुना त्याहून किंचित अधिक, उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्या या दिवसांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांचे बळ एकत्र येते व उधाण होते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांशी काटकोनात असल्यामुळे पाण्याची चढउतार कमी होते. या कमी भरतीला ‘भांग’ म्हणतात. दक्षिण कोकणात भरती थोडी आधी येते आणि चेन्नईस हा आडाखा मुळीच चालत नाही. शिवाय तो केवळ अंदाज आहे. किल्ल्यात पाऊल टाकण्यापूर्वी तेथील कोळ्याला वेळ विचारलीच पाहिजे.

आता पावसाचा विचार करू, कारण निवडीचा खरा निकाल तोच लावतो.

जून महिन्यात नैर्ऋत्येकडून येणारे वारे अरबी समुद्रावरून वाफ भरून आणतात. सह्याद्रीची भिंत आडवी येताच ते वर चढतात, थंड होतात आणि कोकणात पाऊस कोसळतो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. हेच वारे सह्याद्री ओलांडून पुढे जातात तेव्हा त्यांच्यापाशी देण्याजोगे थोडेच उरलेले असते. चोळमंडळाचा किनारा तर आणखी पलीकडे; तो या दिवसांत बहुतांशी पर्जन्यछायेत राहतो.

ऑक्टोबरात वारे फिरतात. आता ते ईशान्येकडून वाहू लागतात. महाराष्ट्रापर्यंत येणारे वारे जमिनीवरून येतात, म्हणून ते कोरडे असतात. कोकणात आकाश निवळते, समुद्र शांत होतो, भाताची कापणी उरकलेली असते आणि दिवाळीच्या पहाटे हवेत किंचित गारवा असतो. चोळमंडळाला मात्र हेच ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून येऊन भिडतात आणि येताना वाफ घेऊन येतात. चेन्नईला वर्षात सुमारे १४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांत. वर्षातला सर्वांत ओला महिना नोव्हेंबर. याच दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठतात. १९६४ च्या डिसेंबरात अशाच एका वादळाने रामेश्वरच्या बेटावरील धनुष्कोडी हे गाव उद्ध्वस्त केले आणि प्रवाशांनी भरलेली एक आगगाडी समुद्राने गिळली. २०१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पावसाने चेन्नई शहर जलमय झाले, विमानतळही काही दिवस बंद ठेवावा लागला.

म्हणून दिवाळीच्या सुटीत मनात पूर्वेचा समुद्र असला, तरी पाय पश्चिमेकडे वळवावेत. महाराष्ट्रात दिवाळी म्हणजे मोठी सुटी, आणि तेव्हाच तिकडे पावसाळा ऐन भरात! महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्या जणू कोकणच्या सोयीने आखल्या असाव्यात, असे क्षणभर वाटते. मे महिन्याची गोष्ट फारशी वेगळी नाही. चेन्नईला मेमध्ये पारा कित्येकदा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या कडक उन्हाच्या पर्वाला तमिळ भाषेत ‘अग्निनक्षत्रम्’ असे सार्थ नाव आहे. कोकणातही मेमध्ये घामाच्या धारा लागतात. परंतु तेथे त्याची भरपाई करण्यास हापूस आंबा आहे, फणस आहे, करवंदे आहेत, काजूची झाडे आहेत, आणि हे सर्व मिळण्याची वेळ तीच आहे. मात्र मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळा ओसरेपर्यंत बंद होतात. ज्यांना जलदुर्ग पाहावयाचे असतील, त्यांनी मेच्या पहिल्या पंधरवड्यात निघावे.

चोळमंडळाचा खरा ऋतू जानेवारी व फेब्रुवारी. पाऊस संपलेला, तळी भरलेली, शेते हिरवी, ऊन सौम्य. जानेवारीच्या मध्यावर, आपल्या मकरसंक्रांतीच्याच सुमारास, तेथे पोंगल हा सुगीचा सण येतो. त्या वेळी चार-आठ दिवस सवड काढता येत असेल, तर पूर्वेकडची गाडी पकडावी. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे साठ किलोमीटरांवर महाबलिपुरम आहे. आठव्या शतकाच्या आरंभी पल्लव राजा दुसरा नरसिंहवर्मा याने समुद्राच्या अगदी काठावर बांधलेले देवालय सुमारे तेराशे वर्षे लाटांचे तुषार झेलीत उभे आहे. कोकणच्या माणसाला सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची सवय. येथे तो समुद्रातून वर येताना दिसतो. चेन्नईच्या उत्तरेस पुलिकत नावाचे खाऱ्या पाण्याचे विशाल सरोवर आहे. त्यात हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हे सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये श्रीहरिकोटा हे लांबट बेट आहे. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ याच बेटावरून आकाशात झेपावले.

मराठी माणसाला या किनाऱ्याकडे ओढणारे आणखीही एक कारण आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरास भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि ते पुढे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास टिकले. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी हे मोठे विद्याप्रेमी राजे. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपास आणले आणि बृहदीश्वराच्या देवालयात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. आणखी दक्षिणेस, समुद्रकाठी त्यांनीच बांधलेला एक बुरूज आहे. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून तो उभारला गेला. तमिळ लोक आजही त्याला ‘मनोरा’ म्हणतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून मान्य केले. त्यांत कोकणकिनाऱ्याचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत, तसाच तमिळनाडूतील जिंजीही आहे.

कोकणात समुद्र पाहणाऱ्याने हे चारही जलदुर्ग पाहण्याची घाई करू नये. एक नीट पाहिला तरी पुरे, आणि तो सिंधुदुर्ग असावा. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू झाले. चहूंकडे खारे पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. तटावर उभे राहिले, की पाण्याबाहेर डोके काढणारे खडक सर्वत्र दिसतात. ज्याला वाट माहीत नाही त्याची नौका तेथेच फुटावी, अशी ती जागा आहे.

मालवणच्या पुळणीवर पहाटे गेल्यास एखाद्या दिवशी रापण ओढताना पाहावयास मिळते. एका होडीतून लांबलचक जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात आणि मग त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढू लागतात. म्हातारे, तरुण, बायका, शाळेला जाण्यापूर्वी आलेली मुले, असे सारे दोरीला हात लावतात. जाळे वर आले, की वाटे पडतात. गेल्या काही दशकांत मोठ्या यांत्रिक नौकांनी किनाऱ्याजवळची मासळी उपसल्यामुळे रापणीच्या जाळ्यात पूर्वीइतके मासे येत नाहीत, ही तेथील कोळ्यांची तक्रार आहे. मासळीला अंडी घालण्यास उसंत मिळावी, म्हणून शासनाने यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदीचा काळ ठरवला आहे. पश्चिम किनाऱ्यावर तो १ जून ते ३१ जुलै असा आहे, तर पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे बंदीचा पंचांगही दोन्हीकडे निराळाच.

भोजनाविषयी फार लिहावयास नको. दोन्हीकडे भात आणि नारळ हेच मुख्य. एकीकडे त्यांच्या जोडीला आमसुलाची सोलकढी, दुसरीकडे चिंचेचे रसम.

कोणताही किनारा निवडला, तरी पाण्यात उतरताना मात्र दोन्हीकडे सारखीच सावधगिरी लागते. पठारावरच्या मुलांना विहिरीत अथवा नदीत पोहता येत असते, आणि तेवढ्या बळावर ती समुद्रात शिरतात. समुद्राचे पाणी विहिरीसारखे एका जागी राहत नाही. लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढले जाते. तेथे लाटा फुटताना दिसत नाहीत, म्हणून ती जागा उलट शांत वाटते आणि माणूस नेमका तेथेच उतरतो. ही ओढ लागली, तर किनाऱ्याच्या दिशेने तिच्याशी झुंजू नये. त्यात दम जातो. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे. ज्याला समुद्राची सवय नाही, त्याने गुडघ्यापलीकडे जाऊ नये. मरीनावर तर समुद्रस्नानास मनाईच आहे. कोकणातही जेथे धोक्याचा फलक आहे, तेथे तो कोणाच्या तरी जिवाचे मोल देऊन लागलेला असतो.

समुद्र एकाएकी दूर ओसरताना दिसला, तर शंखशिंपले वेचण्यासाठी पुढे धावू नये. उंच जागेकडे पळावे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुमात्राजवळ समुद्रतळाशी झालेल्या भूकंपाने त्सुनामीच्या लाटा उठल्या आणि त्या काही तासांत चोळमंडळाच्या किनाऱ्यावर आल्या. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. संकटे केवळ पूर्वेलाच येतात असेही नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगर या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. नव्याने लावलेल्या माडाला फळ धरण्यास पाच-सात वर्षे तरी लागतात. म्हणून तेथील बागाईतदाराचे त्या एका दिवसाचे नुकसान पुढे कित्येक वर्षे चालू राहते.

हे दोन किनारे इतके भिन्न असले, तरी एक पाहुणी दोन्हीकडे जाते. ती म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवी. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी ती वाळूवर येते, खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. चेन्नईच्या किनाऱ्यावर विद्यार्थी व तरुण १९८८ पासून रात्री मैलोगणती चालून ही अंडी शोधतात आणि कुत्र्यांपासून व माणसांपासून सुरक्षित अशा कुंपणात नेऊन पुरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी हेच काम २००२ मध्ये सुरू झाले. पूर्वी ज्या गावात कासवाची अंडी उकरून खात, तेथे आता लोक त्यांची राखण करतात आणि पिले पाहण्यासाठी आलेल्या पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतात. सुमारे पन्नास दिवसांनी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, पिले वाळूतून वर येतात. सकाळी किंवा संध्याकाळी त्यांना पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडतात. पिलू तळहाताहूनही लहान असते. पण ते समुद्राची दिशा बरोबर ओळखते आणि सरपटत निघते. त्याला उचलून पाण्यात ठेवू देत नाहीत आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावर दिवा लावू देत नाहीत. कारण पिलू उजेडाच्या रोखाने चालते, आणि किनाऱ्यावर दिवा लागला तर ते समुद्र सोडून त्या दिव्याकडे जाते.